देशी, विलायती आणि आलापल्लीचा रस्ता

आमच्या घरी 'इंपोर्टेड' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. इंपोर्टेड घड्याळ, इंपोर्टेड टेप, एकदा तर इंपोर्टेड छत्रीसुद्धा! वडिलांच्या वेळेपासूनची ही सवय. त्यामुळे भाचीसाठी गाडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा काय होणार हे मला आधीच ठाऊक होतं.

भाची डॉक्टर आहे. गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्याही पुढे, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. गावाचं नाव लिहायचं नाही असं तिने बजावलंय. महिन्यातून दोन-तीनदा ती चंद्रपूरला येते. म्हणजे जंगलाचा रस्ता, मोबाईलला रेंज नाही, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी, आणि गाडीत बहुतेक वेळा ती एकटी. तेव्हा 'कुठली गाडी चांगली' हा आमच्यासाठी गप्पांचा विषय नव्हता.

पुतण्या स्टुटगार्टला असतो. तो फोनवर म्हणाला, "काका, स्वस्तात पडतो म्हणून तिला देशी डबा घेऊन देऊ नका. नुसता दरवाजा लावून बघा, आवाजावरूनच कळेल." भाऊजी याच्या अगदी उलट. त्यांच्या मते परदेशी गाडी घेणं म्हणजे पैसे देऊन नोकरी पत्करणं, पुढची दहा वर्षं आपणच तिची चाकरी करायची. दोघांचंही ऐकून घेतलं. मग मी आपला नेहमीप्रमाणे कागद-पेन घेऊन बसलो.

(दरवाजाच्या आवाजाबद्दल एक सांगून टाकतो. तो 'धप्प' असा भारदस्त आवाज यावा म्हणून मोठ्या कंपन्यांत इंजिनिअर मुद्दाम काम करतात. त्यावरून गाडी जोखणं म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदावरून स्थळ जोखणं.)

पहिली अडचण अशी की देशी कोण आणि विलायती कोण हेच धड ठरेना. खरोखर जहाजातून उतरलेली गाडी आमच्या चंद्रपुरात शोधावी लागेल. पूर्ण तयार आलेल्या गाडीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं तिच्या किमतीच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, कर लागत आलाय. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात ठरावीक संख्येपुरता हा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं. पण तो सगळा कोट्यातला मामला, आपल्यासाठी नव्हे. आपण ज्यांना 'फॉरेनच्या गाड्या' म्हणतो त्यातल्या बहुतेक तामिळनाडूत, कर्नाटकात, हरियाणात, नाहीतर आपल्याच चाकणला बनतात. उलट लँड रोव्हर हे अस्सल विलायती नाव २००८ पासून टाटांच्या मालकीचं, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरसुद्धा पुण्यात जुळवली जाते. आता ती देशी म्हणायची की विलायती, ते तुम्हीच ठरवा.

ताडोबाला मोहर्लीच्या गेटवर पहाटे ज्या उघड्या जिप्सी उभ्या असायच्या, त्याही अशाच. आराखडा जपानच्या सुझुकीचा, गाडी गुडगावची, १९८५ पासूनची. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद होऊनही बरीच वर्षं झाली. तिच्याच कुळातली जिम्नी २०२३ मध्ये इथे आली, ती फार काही खपली नाही. पण गुरुग्राममध्ये बनलेली तीच पाच दारांची जिम्नी २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये विकायला काढली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली! जपानी माणूस आता ही 'इंपोर्टेड' गाडी घ्यायला रांगेत उभा आहे. हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डिझाईन तर जपानीच ना काका." बरं.

आपल्या हातून बनलेल्या वस्तूवरचा हा संशय मोटारींपेक्षा जुना आहे. त्याची एक गोष्ट तर आमच्याच जिल्ह्यातून सुरू होते. नागपूरला एम्प्रेस मिल उभी करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा, असं त्यात होतं. जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा कारखाना बसला तो इथून. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला चालेना, खाणींचे सरकारी नियमही जाचक, आणि तो बेत बारगळला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा मुलगा दोराबजी आणि वेल्ड नावाचा अमेरिकन तज्ज्ञ पुन्हा या जंगलात हिंडले. खनिज पुरेसं नाही असं दिसलं. निराश होऊन दोराबजी नागपूरला आले, साहेबाची भेट होईपर्यंत वेळ काढायला तिथल्या संग्रहालयात शिरले, आणि भिंतीवरच्या नकाशात त्यांना दुर्गकडच्या लोखंडाची खूण दिसली. तिथून फिरत फिरत कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. १९१२ मध्ये तिथे पहिलं पोलाद निघालं.

रेल्वेचा एक मोठा इंग्रज अधिकारी म्हणाला होता म्हणतात, की टाटांनी चालण्यासारखे रूळ बनवले तर ते मी खाऊन दाखवीन. पहिल्या महायुद्धात त्याच कारखान्याचे सुमारे १,५०० मैल रूळ मेसोपोटेमियाला गेले. साहेबांनी त्यातले किती खाल्ले याची नोंद नाही :)

मग पोलाद जमलं तर मोटारच का जमू नये? माझ्या मते जमू दिली नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून बाहेरचे भाग आणून गाड्या जुळवत होती. भाग इथेच बनवा असा आग्रह सरकारने धरल्यावर १९५४ मध्ये तिने गाशा गुंडाळला. हेतू चांगलाच होता. पण मग मैदानात उरले दोन-तीन खेळाडू. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिची पुढे पद्मिनी झाली, आणि तिकडे बंगालची ॲम्बॅसडर. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. ज्याच्या दारात रांग आहे त्याला गाडीचा दरवाजा नीट बसतोय की नाही याची काळजी कशाला? तीच गाडी जराशी नवी जाळी लावून तीस-तीस वर्षं विकली गेली. 'देशी म्हणजे डबा' हे मत तेव्हा तयार झालं, आणि तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

पण आमच्या भागात एक गाडी या सगळ्याच्या बाहेर होती. जीप! मूळची अमेरिकन विलीज, महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जुळवायला घेतली आणि नंतर इथेच बनवली. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यानंतरची बरीच वर्षं सरकारी दौरा म्हणजे जीप आणि गावात जायचं म्हणजे काळीपिवळी. नव्वदच्या दशकात मी नोकरीनिमित्त अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागात पुष्कळ हिंडलो. चंद्रपूरहून मूल, सावली करत वैनगंगा ओलांडायची, आणि गडचिरोलीपासून पुढे भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटलंच. आमचे ड्रायव्हरभाऊ म्हणायचे, "हिले काई होत नाई साहेब. झालं तं रस्त्यातच दुरुस्त होते." यात सगळं आलं. पाटे तुटले तर लाकडाचा ओंडका आणि दोरखंड. फॅन बेल्ट गेला तर जे हाताला लागेल ते. आलापल्लीच्या मिस्त्रीकडे जीपचा कुठलाही भाग मिळे, नवा नाही तर जुना. बसायला मात्र छळ होता. पाठीचं दुखणं मी तेव्हापासून सांभाळतोय. कागदावर त्या गाडीला कोणी गुणवत्तेचं बक्षीस दिलं नसतं, पण त्या रस्त्यावर दुसरी कुठलीही गाडी तिच्यापुढे कुचकामी ठरली असती.

नंतरचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९९८ च्या शेवटी टाटांची इंडिका आली, सुरुवातीला तिच्या तक्रारी फार, मग २००१ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली आणि ती चालली. २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. परदेशी कंपन्याही तोवर आल्या होत्या आणि रांगा संपल्या होत्या. देशी गाडी खरी सुधारली ती या धक्क्याने. तरी किरकोळ गोष्टींचा आळस बराच काळ राहिला. माझी स्वतःची पहिली देशी गाडी (कंपनीचं नाव नको) पहिल्याच पावसाळ्यात पायाखाली पाणी घेऊ लागली, आणि डॅशबोर्डमधला एक खडखडाट विकेपर्यंत सापडला नाही. इंजिन मात्र एकदाही बंद पडलं नाही. अशी मिश्र जात.

पण भाचीच्या बाबतीत खडखडाटाला काय महत्त्व? रात्री वळणावर समोर रानडुक्कर आलं, किंवा दिवा नसलेला ट्रक उभा असला, तर आतला माणूस वाचतो का? इथे मला जे सापडलं ते पुतण्याला आवडलं नाही, भाऊजींनाही नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यात टाटांची नॅनो होती, मारुतीची अल्टो होती, आणि जर्मन फोक्सवॅगनची पोलोही होती. त्याच नावाच्या पोलोने युरोपात २००९ मध्ये पाच तारे मिळवले होते. आपल्याकडची, चाकणला बनलेली, एअरबॅगशिवाय विकली जात होती. निकालानंतर कंपनीने एअरबॅग सगळ्याच पोलोंना दिल्या आणि त्या गाडीने चार तारे मिळवले. म्हणजे चाकणच्या कामगाराचे हात तेच, कारखाना तोच. फरक एवढाच, की आधी कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं होतं की या गिऱ्हाइकाला इतकं पुरे. मला राग आला तो याचा. विलायती बिल्ला लावून आपल्याला गाडी मिळत होती ती आपल्या लायकीची, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या लायकीची.

आणि आपल्या कंपन्यांनी काही वेगळं केलं असंही नाही. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्यच मिळालं. मग डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. 'देशीला जमत नाही' हा वाद माझ्यापुरता तिथे संपला. आणि लगेच २०२४ मध्ये त्याच घरातल्या बोलेरो निओला एक तारा! यावर भाऊजी गप्प. म्हणजे देशी कंपनीला पाच ताऱ्यांची गाडी बनवता येते, पण खेड्यातल्या, जास्त माणसं कोंबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती बनवायची गरज वाटत नाही. आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसते ती नेमकी त्या जातीची गाडी. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप आहे, तारे बघूनच घेतो असं म्हणणारी गिऱ्हाइकं शहरात तरी वाढलीत. एटापल्लीत अजून 'किती माणसं बसतात' हाच पहिला प्रश्न असतो, आणि ज्यांना बसची वाट बघत दिवस घालवावा लागतो त्यांना मी काय उपदेश करणार?

राहिला मिस्त्री. भाऊजींचा सगळा भरवसा 'देशी गाडी कुठेही दुरुस्त होते' यावर. तेही आता जुनं झालं. २०२० पासून नवे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासून देशी डिझेल गाडीच्या पोटातही सेन्सर, फिल्टर, कॉम्प्युटर आले. स्कॅनर नसेल तर मिस्त्री बॉनेट उघडून नमस्कार करतो आणि टोचन करून न्यायला सांगतो. या बाबतीत देशी-विलायती एका पातळीवर आली, फक्त खालच्या. उरला तो फरक अंतराचा: कंपनीचं गॅरेज किती किलोमीटरवर, आणि भाग किती दिवसांत येतो. शेजाऱ्यांच्या परदेशी ब्रँडच्या गाडीला एका सेन्सरसाठी तीन आठवडे उभं राहावं लागलं. देशीचा बहुतेक दोन-चार दिवसांत मिळतो.

शेवटी भाचीनेच निर्णय घेतला. आम्ही तिघं पुरुष महिनाभर भांडलो आणि तिने एका रविवारी चार ओळी लिहून आणल्या: पाच तारे, सहा एअरबॅग, जमिनीपासून उंची, गडचिरोलीत सर्व्हिस. या चाळणीत एकदोन देशी गाड्या उरल्या, एक विलायती नावाचीही उरली असती पण सर्व्हिसवर गळाली. कुठली घेतली ते लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. पुतण्या व्हिडिओवर दरवाजाचा आवाज ऐकून "ठीक आहे" म्हणाला.

गाडी ताब्यात घेताना मात्र एक गंमत झाली. तिने डिकी उघडून खालचं झाकण उचललं आणि विचारलं, "मामा, ही स्टेपनी एवढी बारीक कशी?" विक्रेता म्हणाला, मॅडम, आता सगळ्यांची अशीच येते, काही गाड्यांत तर तीही नसते, नुसता पंक्चरचा किट देतात. ती म्हणाली, "टायरची बाजू दगडाने फाटली तर किट काय करेल? आणि या बारक्या चाकावर मी आलापल्लीपर्यंत जाऊ का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. चंद्रपूरच्या एका टायरवाल्याकडून पूर्ण मापाचं पाचवं चाक घेतलं. ते झाकणाखाली बसत नाही, म्हणून मागच्या सीटमागे पट्ट्याने आवळून ठेवलंय. सामानाची जागा निम्मी गेली. मागच्या रविवारी अंगणात जॅक लावून तिने ते चाक तीनदा बदललं. तिसऱ्यांदा सतरा मिनिटं लागली.