सीतेची ओवी आणि आमचे प्रवचन

सप्टेंबरातील नोव्हेनाचे दिवस होते. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर मिस्सा अर्पण करून आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. प्रवचनात पवित्र मरियेच्या सहनशीलतेविषयी आम्ही बरेच काही सांगितले होते. आत स्त्रिया जमल्या होत्या. एका आजीने, समोर जाते नसतानाही, जात्यावरची ओवी धरली. ओवी सीतेची होती. राम आणि सीता यांचे मोल करता राम हलका भरला, अशा अर्थाची. आत हशा पिकला. मग फादर बाहेर बसले आहेत याचे भान येऊन सारे चिडीचूप.

रामाला देव मानणाऱ्या स्त्रियांनीच अशा ओव्या रचल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. (१९९६ साली त्याच कामात आपल्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्यांनी ओवीत बाबासाहेब आंबेडकरांना गाइले.) तारा भवाळकर यांनी तर सीतेच्या वेदनेवर आणि विद्रोहावर ‘सीतायन’ हा ग्रंथच लिहिला.

या ओव्यांत अयोध्येचा राजवाडा गावच्या वाड्यासारखा चालतो. कैकेयी ही खाष्ट सासू. रावण कसा होता ते काढून दाखव, असे ती सुनेला म्हणते. सीतेने परपुरुषाच्या पायाचा अंगठा तेवढा पाहिलेला. तेवढाच ती भिंतीवर काढते. उरलेला रावण सासू पुरा करते आणि मुलाला बोलावून दाखविते. मुलगा आईचे ऐकतो. दळणारीला हसू येते, कारण हे घर तिच्या चांगल्या ओळखीचे आहे. आणि हसू विरते न विरते तोच सीता अरण्यात एकटी रडत असते. तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. माणूस कोणी येत नाही. बोरी-बाभळीच का, हे आमच्या भागातील माळ पाहिलेल्यास सांगावे लागत नाही.

आम्हांला हागारेची आठवण झाली. सारेच्या सांगण्यावरून आब्राहामाने तिला भाकरी आणि पाण्याची मसक देऊन लेकरासह घालवून दिले. पाणी सरले तेव्हा तिने लेकरू झुडपाखाली टाकले आणि त्याचे मरण दिसू नये म्हणून ती दूर जाऊन बसली. देवाने त्या लेकराचा आवाज ऐकला. सेमिनरीत मात्र हा अध्याय आम्ही आब्राहामाच्या बाजूने शिकलो. हागारेच्या बाजूने तो कधी वाचलाच नाही.

त्या हसणाऱ्यांत एक तरुण सून होती. नवरा मारतो म्हणून ती पूर्वी आमच्याकडे आली होती, आणि मरियेचा दाखला देऊन आम्ही तिला परत धाडले होते. तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनवायला त्याच सायंकाळी आम्ही उठायला हवे होते. गेलो ते दिवाळीनंतर. दाराला कुलूप होते. दोघेही ऊसतोडीला कारखान्यावर गेली होती.