करंट, कळ आणि बोटावरची शाई

डिसेंबर २०२४ मध्ये भाचीच्या लग्नाला आदिलाबादला जाण्याचा योग आला. आमच्या गोव्यात आदिलाबाद म्हटले की लोक विचारतात, "हे कुठे आले?" त्यांचा दोष नाही. माझी मावशी लग्नानंतर नांदेडला गेली, तिची मुलगी पैनगंगेपलीकडे दिली, म्हणून मला तरी ठाऊक! मुदखेडहून किनवटमार्गे गाडी जाते आणि शेवटच्या टप्प्यात खिडकीबाहेर फक्त कापूस दिसतो. स्टेशनावर पाटी तेलुगूत, पण हमालाने बॅग उचलताना विचारले ते मराठीत, "कुठं जायचं, मामा?" जीव भांड्यात पडला.

लग्न होते बेला मंडलातल्या एका खेड्यात. निम्मे वऱ्हाड नदीपलीकडून, पांढरकवड्याकडून आलेले. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झालेले, त्यामुळे त्यांच्या नखांवर शाई अजून शाबूत होती. मांडवात चहा फिरू लागला आणि लग्नाच्या गोष्टी बाजूला पडून दोनच विषय रंगले. एक मतदानाचे यंत्र आणि दुसरा करंट. इकडे विजेला वीज कुणी म्हणत नाही. करंट आला, करंट गेला, करंटचे बिल आले.

वऱ्हाडातला एक तरुण तावातावाने बोलत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला स्वतःच कागदी मतपत्रिका छापून गावाचे मतदान पुन्हा घेऊन पाहायचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो बेत रद्द झाला. "घेऊ द्यायचं होतं की! खरं असेल तर भ्यायचं काय?" आमचे भावोजी शांतपणे सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "अन् उद्या हरलेल्या प्रत्येक गावानं असंच घेतलं तर? मग निवडणूक संपायची कधी?"

मला बोलल्याशिवाय राहवेना, कारण या यंत्राशी माझी ओळख जुनी. वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल, संपूर्ण राज्याची निवडणूक यंत्रावर घेण्याचा पहिला मान आपल्या गोव्याचा. जून १९९९. मी तेव्हा शाळामास्तर, म्हणून निवडणुकीची ड्यूटी ठरलेली. पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत आमचे केंद्र होते. पावसाचे दिवस, बाकांना ओलसर वास, आणि टेबलावर ती दोन भागांची पेटी. सकाळी एक म्हातारी आली, शाई लावून घेतली आणि हात पुढे करून उभीच राहिली. "मास्तरा, कागद खंय?" मी म्हटले, "आजी, कागद ना. निळें बटण दाम." ती आत गेली, पीं असा लांब आवाज झाला, बाहेर आली आणि मला विचारले, "आनी म्हजें मत खंय गेलें?" मी पेटीकडे बोट दाखवले. तिने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेली. तिचा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षे बाळगून आहे.

हाच प्रश्न आधी न्यायालयात आणि मग संसदेतही येऊन गेलेला. १९८२ साली केरळच्या परूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर ही यंत्रे प्रथम ठेवली. सिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले, हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कायद्यात यंत्राची तरतूद नाही, त्या केंद्रांवर कागदाने पुन्हा मतदान घ्या. घेतले, आणि जोस जिंकले! म्हणजे यंत्र चांगले की वाईट हा सवालच नव्हता. सवाल कायद्याचा होता. मग डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१अ हे कलम घातले आणि यंत्राला दार उघडले.

गंमत अशी की, त्या आठव्या लोकसभेत विरोधी बाकांवरचा सर्वांत मोठा पक्ष होता तेलुगू देसम, आणि लोकसभेतले त्याचे नेते होते सी. माधव रेड्डी, आदिलाबादचे खासदार. १९५२ च्या पहिल्या लोकसभेतही तेच इथून समाजवादी म्हणून निवडून गेले होते. भावोजींनी त्यांना लहानपणी सभेत पाहिलेले. कायदा झाला खरा, पण विरोधकांच्या मनातला संशय गेला नाही. हैदराबादच्या ईसीआयएलने आणि बंगळूरच्या बीईएलने केलेली यंत्रे पुढे जवळजवळ नऊ वर्षे गोदामात पडून राहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या सोळा मतदारसंघांत ती बाहेर निघाली, आणि मग आपण गोवेकर.

आता करंटकडे येतो. महागाई संसदेत नेण्याचे प्रकार आपल्याकडे जुने आहेत. १९७३ मध्ये पेट्रोल महागले तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पण या भागाला झटका बसला तो विजेचा. ऑगस्ट २००० मध्ये आंध्रात वीजदरवाढीविरुद्ध मोर्चा निघाला, हैदराबादला बशीरबागेत गोळीबार झाला आणि तिघे मेले. भावोजी म्हणाले, "त्या साली आमच्याकडं मोटारीचं बिल आलं की माणूस विहिरीकडं बघायचा, पाण्यासाठी नव्हं." मांडवात क्षणभर कुणी बोलले नाही.

आणि मग २००४. देशभर लोकसभेच्या सर्व ५४३ जागांवर यंत्राने मतदान झाले ते त्याच वर्षी. आदिलाबादच्या शेतकऱ्याने विधानसभेसाठीही कळच दाबली. राजशेखर रेड्डी यांनी शेतीला फुकट विजेचे वचन दिले होते; चंद्राबाबूंचे सरकार गेले, आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथविधीच्या दिवशीच त्या फायलीवर सही केली. म्हणजे इथल्या माणसाच्या मनात कळ आणि करंट ही जोडी पहिल्यापासून बसली आहे. कळ दाबली, बिल गेले! पुढे तेलंगण झाले, १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आली. २०२४ मध्ये पैनगंगेच्या त्या काठावरही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ झाले. वऱ्हाडातल्या एकाने हसून म्हटले, "तुमचं पाहून आमच्याकडं आलं." आम्ही गोवेकर तरी कुठे निराळे? २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे अकराएक रुपये उतरले, तेव्हा पंपावर आम्ही कसे फुशारलो होतो! पुढे कर हळूहळू परत चढला, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

यंत्रातून भावाची तक्रार कशी करावी, हे शेजारच्या निजामाबादने २०१९ मध्ये दाखवले. हळदीला भाव नाही म्हणून पावणेदोनशेहून अधिक शेतकरी स्वतःच लोकसभेला उभे राहिले. एकूण उमेदवार १८५! आयोगाला प्रत्येक केंद्रावर बारा बारा यंत्रे जोडून ठेवावी लागली. शेतकऱ्यांपैकी कुणी निवडून आला नाही, पण मुख्यमंत्र्यांची कन्या पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हळद मंडळ निजामाबादलाच सुरू झाले. भाव मिळाला का, हा वेगळा विषय.

असो. रात्री जेवणानंतर भावोजींनी भिंतीवरचे मीटर दाखवले. "पाव्हणं, ह्याचा बी लाल दिवा लुकलुकतो, त्या यंत्राचा बी लागतो. ह्याच्यावर माझा इश्वास नसला तरी चालतं, कारण महिन्याला कागद हातात येतो. आकडा ताडून बघतो. त्या यंत्राचा कागद सात सेकंद काचेतून दिसतो अन् पडतो डब्यात." मी त्यांना सांगितले, की ती चिठ्ठी सगळ्या चाळीस मतदारसंघांत प्रथम लावली तीही आमच्या गोव्यातच, २०१७ ला, आणि ती घरी देत नाहीत ते मुद्दाम, नाहीतर गावचा पुढारी दारात येऊन विचारेल, दाखव कुणाला दिलेस. भावोजी विचारात पडले. "हे खरं हाय," म्हणाले, "पण मग मोजा तरी सगळ्या." दर विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, सगळ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. मला स्वतःला यंत्रात काळेबेरे आहे असे वाटत नाही. आत बॅटरी असते, बाहेरच्या करंटचीही गरज नाही, तार नाही. पण १९९९ च्या त्या म्हातारीला मी पेटीकडे बोट दाखवले, ते उत्तर नव्हते हे मला कळते. चिठ्ठ्या जास्त मोजल्या तर वेळ जाईल, हे मान्य. जाऊ दे की! पूर्वी आपण मोजणीसाठी रात्र रात्र जागत होतो.

दुसऱ्या दिवशी भावोजींच्या आत्याबाईंशी गप्पा झाल्या. त्या राहतात जिवती तालुक्यातल्या, दोन्ही राज्ये आपली म्हणतात अशा चौदा गावांपैकी एका गावात. १९५६ पूर्वी हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानातून आलेला एकच आदिलाबाद जिल्हा होता. राज्ये भाषेवर पाडली तेव्हा राजुरा आणि किनवट तालुके मराठी म्हणून इकडे आले, पण डोंगरातली ही गावे रेघेवरच राहिली. तिथे दोन शाळा, दोन रेशनकार्डे, दोन सरपंच. आणि दोन मते. ११ एप्रिल २०१९ ला चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान होते. २०२४ मध्ये एकाचे १९ एप्रिलला, दुसऱ्याचे १३ मेला. कायद्याने हे चालत नाही, हे आत्याबाईंनाही ठाऊक. "पोरं म्हणतेत एकच कार्ड ठेव. कोणतं ठेवू? इकडची पेन्शन, तिकडची भाषा." मग एकदम मला म्हणाल्या, "तुमच्याकडं लोकाला इचारलं होतं म्हणे, कुठं राहायचं ते?"

मी सांगितले. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात जायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. मी लहान होतो. वडील धुतलेले धोतर नेसून गेले, फुलावर शिक्का मारून आले. मोजणीत १,७२,१९१ लोकांनी पाने निवडली, १,३८,१७० लोकांनी फूल.

"म्हंजे तुमचे वडील हरले."

"हो."

"मग काय केलं त्यांनी?"

मला क्षणभर काही सुचले नाही. मग आठवले तसे सांगितले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारचा पानवाला, म्हणजे दोन पानांना मत दिलेला, नारळ घेऊन आला. दोघांनी ओसरीवर बसून चहा घेतला. मत मोजले होते ते सर्वांसमोर, आकडा दोघांनाही मान्य होता. घरी मराठी वर्तमानपत्र येत राहिले, देवळात मराठी नाटक होत राहिले.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इचारलं तरी तुमाला." आणि करंट आला म्हणून उठून मोटर लावायला सांगायला गेल्या.