वडिलांची भिंत

आमच्या नरडाण्याच्या घराची मागची भिंत दीड फूट जाडीची. काळा दगड, मधे माती आणि वरून चुन्याचा गिलावा. ती वडिलांनी स्वतः उभे राहून बांधून घेतली. त्यामुळे ते गेल्यानंतर आईच्या लेखी ती भिंत राहिली नाही. घरातले वडील माणूसच झाली!

गेल्या उन्हाळ्यात आई पडली आणि खुब्याचे हाड मोडले. परसातल्या संडासापर्यंत जाणे तिला अशक्य झाले. तिच्या खोलीलगतच सोय करायचे ठरले. पण चार इंची पाइप नेमका त्या भिंतीतून न्यावा लागणार होता. खाटेवरूनच आवाज आला, "मनी भीत फोडू नका रे भो!" रागावली की आई अहिराणीतच बोलते.

तिला कसेबसे समजावून गवंड्याने छिन्नी लावली. दगडाला खरचटलेदेखील नाही. आतली माती मात्र भुरुभुरु गळू लागली आणि कोनाड्यातली पणती खाली आली. माझ्या काळजात धस्स झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला अशाच दगडमातीच्या भिंतींखाली माणसे झोपेत गाडली गेली होती. मी काम थांबवले.

दुसऱ्या दिवशी इथल्या औद्योगिक वसाहतीतला एक तरुण मशीन घेऊन आला. पुढे पोकळ पोलादी नळी आणि तिच्या काठावर करड्या पट्ट्या. "काका, यात हिरे आहेत," तो म्हणाला. सौभाग्यवती लगबगीने पुढे आल्या. लग्नाला तीस वर्षे झाली, तरी आमच्या घरी हिरा येण्याची ही पहिलीच वेळ!

हे हिरे म्हणजे कारखान्यात बनवलेली बारीक कणी. १९५५ साली अमेरिकेत कृत्रिम हिरा तयार झाल्याचे जाहीर झाले आणि पुढे तो असा मजुरीला लागला. ही कणी धातूच्या भुकटीत घट्ट बसवलेली असते. धातू झिजतो, तशी नवी कणी उघडी पडते. गंमत अशी की, दगड जितका कठीण, तितका हा धातू मऊ लागतो. तो झिजलाच नाही, तर बोथट कणी तशीच राहते आणि नळी नुसती घसरत बसते.

पाण्याची धार सोडून मशीन सुरू झाले. घाव नाही, हादरा नाही. तासाभराने भिंतीला चंद्रासारखे गोल भोक पडले आणि आतून दगडाच्या कांड्या निघाल्या. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोलवरून अशाच कांड्या वर काढल्या होत्या. तिथे काळा दगड ३३८ मीटर जाडीचा निघाला. आमच्या भिंतीचे पोट तेवढे खोल नव्हते, इतकेच.

मी एक कांडी धुऊन आईच्या हातात दिली. कापलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. आईने तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवले.

"यांनी दगड चांगला निवडला होता," ती म्हणाली. मग भोकाकडे पाहत हळूच विचारले, "पाइप केव्हा बसवणार?"

ती कांडी आता कोनाड्यात आहे. यंदा आईने पहिली पणती तिच्यावरच लावली.