‘स्टेबल’

अण्णांना रुग्णालयात दाखल केले, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “पेशंट स्टेबल आहे.” त्या एका शब्दाने माझ्या जिवात जीव आला. पुण्यास धाकट्या भावाला मी लगोलग फोनवर कळविले, “अण्णा बरे आहेत, घाई करू नकोस.” तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले. भावाला अखेरची भेट घडली नाही.

शब्दाचा अर्थ मला पुढे उमगला. नाडी, रक्तदाब, श्वास यांत त्या घटकेस फारसा चढउतार नाही, एवढेच डॉक्टरांना सांगावयाचे होते. प्रकृती गंभीर असूनही स्थिर असू शकते. ‘आहे तसे आहे’ याचा अर्थ मी ‘बरे आहे’ असा घेतला. चूक डॉक्टरांची नव्हती; भाषांतर माझे चुकले.

वस्तुतः अण्णांनीच हा शब्द मला लहानपणी शिकविला होता. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. गोल बुडाच्या वाटीत गोटी टाकून ती बोटाने हलवीत. गोटी डोलून पुन्हा तळाशी येई. मग वाटी पालथी घालून माथ्यावर गोटी तोलून धरीत. क्षणभर तीही निश्चल राही, पण जरासा धक्का लागताच घरंगळे. “न हलणारी नव्हे, हलवल्यावर जागी परतणारी ती स्टेबल,” असे ते म्हणत.

इंग्रजीत ‘स्टेबल’ म्हणजे घोड्यांची पागासुद्धा. दोन्ही शब्दांचे मूळ ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे आणि संस्कृतातील ‘स्था’ हा त्या धातूचा सगोत्र. आम्हा ग्वाल्हेरकरांना हे नाते परके वाटू नये. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ छावणी टाकली. तिचेच पुढे शहर झाले, तरी नाव ‘लष्कर’च राहिले. घोडे बांधण्यापुरते थांबलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या येथलेच झाले.

भावाने मला कधी बोल लावला नाही. वर्षश्राद्धाला आला तेव्हा ती वाटी मात्र त्याने मागून नेली.

आता कोणासाठीही रुग्णालयात गेले आणि ‘स्टेबल’ हा शब्द कानी पडला, की मी तेथेच थांबत नाही. विचारते, “धोका टळला का? दूरच्या माणसांना बोलावून घ्यावे का?”