शिरूरचे माजघर आणि एक खिशातला कॅमेरा

कॅमेऱ्याची पारख दुकानातील काचेच्या कपाटापुढे होत नाही, असे माझे फार दिवसांचे मत आहे. शिरूरचा आमचा जुना वाडा उतरवावयाचे ठरले, तेव्हा दौंडास राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंचा निरोप आला, ‘पाडण्यापूर्वी माजघर एकदा दाखव रे.’ गुडघ्यांमुळे त्यांस आता माहेरी जाववत नाही. तेव्हा एका स्नेह्याचा ‘सोनी आरएक्स१००’ मागून घेतला आणि निघालो.

हे मॉडेल २०१२ सालचे. बॅटरी व कार्डासह वजन अवघे २४० ग्रॅम. त्याचा ‘एक इंची’ सेन्सर मोजू जाता १३.२ × ८.८ मिलिमीटरच भरतो. साठी उलटलेले काका घरात ‘धाकटे’च राहतात, तशातलाच हा प्रकार! तथापि साध्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरहून याचे क्षेत्रफळ सुमारे चौपट आहे.

घोडनदीच्या काठी भर दुपारी उभा राहिलो. डोळा लावून पाहावयाची खिडकी यास नाही. उन्हात पडद्यावर माझाच चेहरा दिसू लागला. अखेर छत्रीच्या सावलीत नेम धरला. दृष्टीची धाव १०० मिलिमीटरपर्यंतच, त्यामुळे पैलथडीचा बगळा तांदळाच्या कण्येएवढा उमटला. पाखरांच्या शौकिनांनी याच्या वाटेस जाऊ नये.

माजघरात मात्र या यंत्राने मला जिंकले. एकच झरोका, भिंती काजळीने काळवंडलेल्या. भिंग पूर्ण रुंद ठेवले तर छिद्र एफ १.८ इतके उघडते. दूरचे जवळ ओढू गेल्यास ते ४.९ वर येते व प्रकाश सातव्या हिश्शावर उतरतो. म्हणून ओढाताण न करता स्वतःच चार पावले पुढे सरलो, कॅमेरा फडताळाच्या कडेस टेकवला आणि फ्लॅश न लावता चित्र घेतले.

न्हावरे, चौफुला, पाटस करीत दिवेलागणीस दौंड गाठले. तीन इंची पडद्यावर आत्याबाईंस काही दिसेना. नातवाने तार जोडून चित्र टीव्हीवर लावले. त्या उठून अगदी जवळ गेल्या. ‘ही खुंटीखालची रेघ पाहिलीस? आईचा कंदील इथे असे.’ मी ती पाहिली नव्हती. कॅमेऱ्याने पाहिली होती.

नदीचे चित्र लावू लागलो, तो म्हणाल्या, ‘राहू दे. घोडीचे पाणी भीमेत मिळून इथूनच तर जाते. माजघर लाव पुन्हा.’