एका विद्यार्थ्याची शाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात लहानाचा मोठा झालेला मराठी मनुष्य गुजराती कोणत्या इयत्तेत शिकला, असे त्याला विचारले तर तो हसतो. कारण भाजीवाल्याशी घासाघीस करताना, शेजारच्या ओट्यावर खेळताना आणि कचेरीत कारकुनाच्या मेजापुढे अर्ज घेऊन तिष्ठताना ती भाषा त्याच्या जिभेवर केव्हा बसली, याचा त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. तोच गृहस्थ इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र प्रथम व्याकरणाचे पुस्तक मागतो, काळांचे तक्ते पाठ करतो, आणि सहा महिन्यांनी बँकेतल्या व्यवस्थापकासमोर उभा राहिला की पुन्हा मुकाच. प्रौढ स्त्रीपुरुषांना, एका वेळी एकालाच समोर बसवून, नित्य व्यवहारातील इंग्रजी शिकविणे हा माझा बहुत वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे हा विरोधाभास मी रोज पाहतो. आणि त्याचा उलगडा मला पाठ्यपुस्तकांपेक्षा याच शहराच्या इतिहासात अधिक सापडला आहे.

इ. स. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर, खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नामक बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव तिसरे. ज्या मुलास मातृभाषेची अक्षरओळखही नव्हती, त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकवावयाच्या होत्या, आणि तेही गादीचे अधिकार हाती येण्यापूर्वी. त्याच वर्षाच्या अखेरीस इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एफ. ए. एच. इलियट यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांना मुखत्यारी मिळेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, हा क्रम चालला. सोबतीला थोडी मुले असत हे खरे. परंतु सारी व्यवस्था एका विद्यार्थ्याभोवती उभारलेली होती. दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ मध्ये राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत, आणि मुत्सद्द्याच्या अनुभवाचे ते सार आहे यात शंका नाही. तथापि व्याख्यान म्हटले की बोलणारा एक आणि ऐकणारा दुसरा. ज्या इंग्रजीत सयाजीराव पुढे रेसिडेंटाशी वाद घालीत, आणि गिबनचा इतिहास वाचून त्यावरील टिपणांचे पुस्तक १८९६ मध्ये प्रसिद्ध करीत, तिचा पाया वर्षानुवर्षांच्या रोजच्या सहवासात पडला, असे माझे मत आहे. गुरु-शिष्यांचा हा संबंध केवळ वेतनापुरता नसावा; कारण शिक्षकाचे काम संपल्यावरही इलियट बडोद्याच्या मुलकी खात्यात जमीन मोजणी व जमाबंदीच्या कामावर राहिले.

राजपुत्राची गोष्ट सामान्यांस लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरी सांगतो. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर विलायतेस निघाले, तेव्हा त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ यांनी त्यांना मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड यांच्या घरी ठेवले. प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या या गृहस्थांचे घर सुधारकी होते, आणि कन्या अन्नपूर्णा, घरातली अॅना, विलायतेत शिकून आली होती. इंग्रजी बोलण्याची व विलायती रीतिरिवाजांची तालीम तिने द्यावी, अशी योजना होती. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना ‘छेलेबेला’ या आठवणींत रवींद्रनाथांनी लिहिले आहे की, तिच्यापुढे मिरवावे असे पांडित्य आपल्याजवळ नव्हते, म्हणून आपण कविता करतो एवढेच सांगितले. तिने आपल्याला एक नाव द्यावयास सांगितले, आणि त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिले. या प्रसंगाभोवती लोकांनी प्रेमकथेचे पुष्कळ धागे विणले आहेत; मला त्यात शिक्षणशास्त्र दिसते. विद्यार्थ्याजवळ शिक्षकाला देण्यासारखे काही आहे, असे ज्या क्षणी विद्यार्थ्याला वाटते, त्या क्षणी त्याची जीभ सुटते. चाळीस मुलांच्या वर्गात ही देवघेव घडणे जवळजवळ अशक्य असते. आणि बडोदेकरांना ठाऊक असावे अशी गोष्ट म्हणजे, १८८० मध्ये याच अॅनाचा विवाह हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी झाला; हे गृहस्थ शेक्सपिअरकालीन नाटकांचे अभ्यासक, आणि आमच्या बडोद्यात हायस्कूल व कॉलेजात अध्यापक होते. पुढे ती विलायतेस गेली आणि १८९१ मध्ये एडिंबरो येथे अकाली वारली. तिच्या शिकवणीचे वळण तिच्याबरोबर गेले. 

माझा शिरस्ता असा. पहिल्या भेटीत मी परीक्षा घेत नाही. कालचा दिवस सकाळपासून मराठीतच सांगावयास लावतो आणि मुकाट्याने लिहून घेतो. एखाद्या बाईंचा मुलगा परदेशी असतो, सून अमराठी असते, आणि नातीशी दूरध्वनीवर बोलताना ‘कशी आहेस’ यापलीकडे गाडी सरकत नाही. एखादा कारखान्यातला पर्यवेक्षक काम उत्तम जाणतो, पण परप्रांतीय साहेबाने ‘उशीर का झाला’ विचारले की ‘सॉरी सर’ म्हणून उगीच दोष पत्करतो. यांना एकच धडा कसा पुरावा? बाईंना नातीच्या शाळेतले डबे, बाहुल्या आणि रुसवे हवेत. पर्यवेक्षकाला नम्रपणे नाकारण्याची, कारण सांगण्याची आणि थोडा अवकाश मागण्याची वाक्ये हवीत. विशेषतः ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ हे निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या अदबीने कसे म्हणावे, हे मी सर्वांआधी शिकवितो, कारण संभाषण तुटते ते शब्द अडल्याने नव्हे, तर अडलेले संभाषण पुन्हा जोडता न आल्याने. पाठ्यपुस्तके प्रश्नांची उत्तरे द्यावयास शिकवितात. प्रश्न विचारण्याची पाळी विद्यार्थ्यावर क्वचितच येऊ देतात.

चुकाही प्रत्येकाच्या स्वतंत्र असतात, तरी आपल्या मराठी माणसांच्या काही सामाईक आहेत. ‘तू जेवला नाहीस ना?’ याला आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो, आणि तसेच ‘यस’ने उत्तर देतो, ऐकणारा इंग्रज मात्र जेवण झाले असे समजून उठतो. ही खोड तक्त्याने जात नाही. मी तोच प्रश्न चहाबद्दल, पावसाबद्दल, काल न आलेल्या बसबद्दल, बोलण्याच्या ओघात, विद्यार्थ्याच्या नकळत पुनःपुन्हा विचारतो, आणि काही आठवड्यांनी ‘नो’ आपसूक बाहेर पडतो. समोर एकच मनुष्य असला म्हणजेच एवढी चिकाटी परवडते.

सहवासातून इंग्रजी शिकण्याची उलट बाजूही बडोद्यातच घडली. सातव्या वर्षी विलायतेस धाडलेले अरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत आले, तेव्हा इंग्रजी, ग्रीक, लॅटिन त्यांना अवगत होते. पण घरची बंगाली बोलता येत नव्हती. पुढे दिनेंद्रकुमार राय हे लेखक बंगालहून येऊन बडोद्यास त्यांच्या घरी राहिले, आणि त्या सहवासातून अरविंदांची बोलण्यातली बंगाली पक्की झाली. एवढा मोठा भाषापंडितही बोलीसाठी एका माणसाच्या सोबतीवर अवलंबून होता.

ही शिकवणी महाग पडते, हा आक्षेप मी मान्य करतो. राजदरबाराने सहा वर्षे जे केले, ते पेन्शनीवरच्या गृहस्थाने कोठून करावे? हल्ली भ्रमणध्वनीतील यंत्रे बोलण्याचा सराव देतात, आणि उच्चारासाठी ती मी खुशाल वापरावयास सांगतो. परंतु यंत्रापुढे कोणाला लाज वाटत नाही, आणि ज्याची लाज वाटते तेच बोलण्याचा सराव व्हावयास हवा. मात्र खर्च वाढू नये म्हणून मी शिकवणी लांबवीत नाही. किती महिने लागतील, असे सर्वच विचारतात. मी सांगतो: ठरलेली वेळ गैरसोयीची झाली असता, मला दूरध्वनी करून, इंग्रजीत, कारणासह ती बदलून मागा, आणि मी दिलेली नवी वेळही पसंत नसेल, तर तीही नाकारा. तसे झाले की पुढच्या महिन्याची फी मी घेत नाही.