वहीत सापडलेला फ्रीज



एप्रिलचं वीजबिल आलं तेव्हा मी पोळ्या करत होते. ह्यांनी ते ओट्याच्या कडेला ठेवलं आणि काही न बोलता बाहेर गेले. ह्यांचं न बोलणं म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कळतं. हात पुसून बघितलं, तर ४१० युनिट! आम्ही दोघंच होतो तेव्हा १९०च्या आसपास यायचं.

मुलगा आणि सूनबाई फेब्रुवारीत पुण्याहून सांगलीला आले. दोघांनाही घरून काम करायची मुभा मिळाली होती. मला आनंदच झाला. मागची कोठीची खोली रिकामी करून तिथं सूनबाईचं टेबल मांडलं, एसी बसवला. मुलगा हॉलमध्येच बसतो.

त्या दिवशी बिल हातात घेऊनच मी तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "अगं, हे घर आहे, ऑफिस नव्हे. बिल काय तुमची कंपनी भरणार आहे का?"

ती "बरं आई" म्हणाली आणि रिमोट उचलून एसी बंद केला. एवढंच. उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. एप्रिलमधली सांगली तुम्हाला माहीत आहे. तीन दिवस ती मानेवर ओला नॅपकिन ठेवून काम करत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून झोपली. मुलगा माझ्याशी ताक वाढ, मीठ दे, यापलीकडे बोलेना.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही लग्नापासून आजपर्यंत चुकली नाही. मनात आलं, आरोप केला खरा, पण हिशेब कुठं मांडला? नोंद न करता ताळेबंद काढणाऱ्याला आमच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मग रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मीटरचं रीडिंग लिहायला लागले. रात्रीच्या बारा तासांतही आकडा चांगलाच पुढे सरकत होता. रात्री ऑफिस नाही, एसी नाही. मग जातंय कुठं?

आपल्या डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, बघितलाय का? शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं ते. आमच्या मीटरवर ३२०० आहे. एका सकाळी सगळी बटणं बंद केली, स्वयंपाकघरातला फ्रीजही बंद केला, आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभी राहिले. दिवा थांबायला हवा होता. तो मिनिटाला दहा वेळा लुकलुकत होता. म्हणजे तासाला सहाशे, आणि २४ तासांचे साधारण साडेचार युनिट.

तो मागच्या पडवीतला जुना फ्रीज होता. सूनबाईच्या टेबलासाठी कोठी रिकामी केली तेव्हा मीच तो पडवीत हलवून घेतला होता. वर पत्रा, दुपारी पश्चिमेचं ऊन, मागची जाळी भिंतीला टेकलेली. दारात कागद धरून दार लावलं आणि ओढला, तर अलगद हातात आला. रबर गेलेलं होतं. थंडावा बाहेर आणि ऊन आत, त्यामुळे यंत्र बिचारं दिवसरात्र थांबतच नव्हतं.

आणि आत काय होतं सांगू? चिंच, खोबऱ्याच्या वाट्या, खारीक, दोन डबे पापडाचं पीठ, आणि कुणासाठी ठेवला होता ते मलाही न आठवणारा गेल्या वर्षीचा आमरस. चिंचेला कुठं लागतो फ्रीज?

आता ऑफिसची बाजू मांडली. दोन लॅपटॉप दिवसभरात मिळून पाऊण युनिटाच्या आत. मोठा स्क्रीन पाव युनिटाहून कमी. वायफायचा डबा चोवीस तास चालू, तरी पाव युनिट. तिच्या खोलीतला पंखा जुना, ७५ वॅटचा, नऊ तासांत पाऊण युनिटाच्या जरा खाली. एसी छोटा, इन्व्हर्टरचा, दुपारचे पाच तास, अडीच युनिट. सगळी बेरीज साडेचारच्या आत. म्हणजे दोन माणसांचं ऑफिस एसीसकट एका बाजूला आणि माझी चिंच एका बाजूला, तराजू समान! शिवाय महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. आमची वरची ११० युनिटं महागाच्या टप्प्यातली होती.

आपण स्वाध्यायाला रत्नकरंडक श्रावकाचार वाचतो. आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले त्यात प्रमादचर्या आहे. विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं. हे वाचताना मी कायम रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणाऱ्या मुलांचा विचार करत आले. सूनबाईच्या एसीला निदान कारण तरी होतं. प्रयोजन नसलेला आरंभ कुणाचा, ते मीटरसमोर उभं राहून कळलं आणि पोटात कालवलं.

क्षमावणीला अजून चार-पाच महिने होते. तोवर थांबणं बरं दिसलं नसतं. मी वही घेऊन तिच्या खोलीत गेले. ती हळूच म्हणाली, "आई, मीटिंग चालू आहे, दहा मिनिटं." मी दाराबाहेर दहा मिनिटं उभी राहिले. पाठ केलेलं वाक्य तेवढ्यात विसरले. शेवटी वहीच पुढे केली आणि म्हणाले, "बघ, माझंच चुकलं होतं. तुला उगाच बोलले." तिनं आकडे दोनदा वाचले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, माझ्याही. मग म्हणाली, "पण आई, माझा पंखाही जुना आहे, तो बदलूया." पोरगी हिशेबी आहे, आवडलं मला.

बीएलडीसी पंखा आणला, तो तिशीच्या आसपास वॅट खातो. एसी २६ वर ठेवून पंखा बारीक चालवला की खोली गार राहते. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणतात. नवे एसी २०२० पासून चालू होतानाच २४ वर असतात, त्याखाली नेऊ नये. टेबल खिडकीशी सरकवलं, तर दिवसा दिवा लागेना. संध्याकाळच्या मीटिंगमुळे तिचं सूर्यास्ताच्या आत जेवण मात्र अजून जमत नाही. त्यावर मी सध्या बोलत नाही.

फ्रीज कामाच्या मावशींनी मागितला होता. दिला असता तर महिन्याला १३५ युनिटांचं बिलही त्यांच्या घरी पाठवलं असतं. त्यांना तसं समजावून सांगितलं आणि तो जुनं विजेचं सामान रीतसर घेणाऱ्याकडे दिला. त्यांना पापडाच्या पिठाचे दोन डबे दिले.

जूनचं बिल २५५ आलं. पावसानं एसी थांबला होता, त्यामुळे सगळं श्रेय वहीला देणार नाही. परवा मी मंदिरातून उशिरा आले, सातचं रीडिंग राहिलं म्हणून वही काढली. त्या तारखेपुढे सूनबाईच्या अक्षरात आकडा लिहिलेला होता.